एक चप्पल ठेवून जा

“कुठाय?”

मेस्त्रीबाबांनी उजवा तळहात पुढे केला होता.

केतकीला वाटलं होतं, बाबा आधी विचारतील, किती देशांत खेळतात गं तुझा खेळ? मग ती सांगेल, एकोणीस. मग ते मान हलवतील, आणि आठ वर्षांपूर्वी ती फिनलंडला शिकायला निघाली तेव्हा जो शब्द त्यांनी दिला नव्हता, तो आता देतील... शाब्बास.

त्यातलं काहीच झालं नाही. एप्रिलच्या अखेरच्या उन्हात मठाच्या एकशे चार पायऱ्या चढून ती वर आली, पाया पडली, “बाबा, मी केलेला खेळ आणलाय,” म्हणाली. आणि बाबांनी हात पुढे केला.

तिने टॅबलेट त्या हातावर ठेवला.

बाबांनी तो उलटा केला. सुलटा केला. कडेने बोट फिरवलं.

“स्क्रू कुठं हाय?”

“याला स्क्रू नसतो, बाबा.”

“मग उघडायचा कसा?”

“उघडायचा नसतोच.”

“...आसं,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी टॅबलेट मांडीवर ठेवला, दुसऱ्याच्या घरचं मूल ठेवावं तसा, जरा जपून.

मेस्त्रीबाबा म्हणजे एके काळचे आसदगावचे टीव्ही मेकॅनिक. पन्नाशीला दुकानाचं शटर ओढून ते डोंगरावरच्या नाथांच्या मठात येऊन राहिले, त्याला आता वीस वर्षं झाली होती. येताना दोन कफन्या आणल्या, एक वाडगा आणला, टायरच्या तळाची चप्पल पायात होती. आणि दोन गोणपाटांत भरून आणल्या टीव्हीवर खेळायच्या खेळांच्या कॅसेट. दुरुस्तीला टाकून लोक जे विसरून गेले होते ते सगळं. गाव हसलं. हा कसला संन्यास? बाबा म्हणाले, “मला टाळ वाजवता येत न्हाई.”

मठाच्या मागच्या खोलीत त्यांनी एक लांब फळी ठोकली. बाबांनी शेवटापर्यंत खेळलेला खेळच त्या फळीवर चढायचा. आता तिथे दोनशे चौदा होते. खाली एक जुना डबडा टीव्ही होता, त्याला जोडलेली कॅसेट घालायची पेटी होती, आणि शाळेने मोडीत काढलेला, पण बाबांनी जिवंत केलेला एक कॉम्प्युटर.

फळीवरचा खेळ कुणीही घरी न्यावा. वही नाही, नावनिशी नाही. फक्त जाताना पायातली एक चप्पल काढून फळीखालच्या खिळ्याला अडकवायची आणि एकच घेऊन डोंगर उतरायचा. आसदगावात कुणी एक चप्पल हातात धरून अनवाणी चाललेला दिसला की लोक काय झालं म्हणून विचारत नाहीत. कुठला नेलास, एवढंच विचारतात.

एकदा कुणीतरी विचारलं होतं, “बाबा, एकच का? जोडी ठेवून घ्या की.”

“दोन्ही ठेवल्यास तर नवी घेशील,” बाबा म्हणाले होते.

केतकी दहा वर्षांची असताना पहिल्यांदा इथे आली. कॅसेट चालेना म्हणून तिने तिच्या तोंडात फुंकर मारली आणि बाबांची टपली खाल्ली. “फुंकर म्हंजे थुंकी. आत गंज चढतोय. उघड. खोडरबरानं पूस.” स्क्रू कसा काढायचा ते ती इथे शिकली. आत काय असतं ते इथे पाहिलं. आपणही एक खेळ करायचा, आणि तो त्या फळीवर चढवायचा, हेही तिने इथेच ठरवलं. एकोणीस देश वगैरे नंतरचं. तिला हवी होती ती ही फळी.

आणि आज तिच्याकडे पन्नास मिनिटं होती. हे तिने बाबांना सांगितलं नव्हतं.

“खेळा ना, बाबा,” ती म्हणाली.

“खेळू की. घाई कसली?”

टीव्हीपुढे हौसाक्का मांडी घालून बसली होती. ही गावातली कासारीण. सकाळच्या पारी बांगड्या भरून झाल्या की टोपली दाराशी ठेवायची आणि रणगाड्यांच्या खेळात शत्रूचे रणगाडे उडवायची. तिने बटण दाबलं की हातातल्या बांगड्या किणकिणत.

“आगं, परदेशातनं आलीस न् हात रिकामे?” ती मान न वळवता म्हणाली. “ये, हिरव्या भरते. ...मर मेल्या!” हे शेवटचं रणगाड्याला होतं.

“हौसाक्का, नंतर. आधी बाबांना खेळू दे.”

केतकीने टॅबलेट चालू केला. पडद्यावर माळ दिसला, निळसर पहाट दिसली, कळप दिसला. खेळाचं नाव ‘शीळ’. धनगराच्या लेकीने नुसत्या शिळेवर मेंढरं हाकत मुक्कामाचे बारा तळ पार करायचे. एक शीळ घातली की मेंढरू वळतं, दोन घातल्या की थांबतं. प्रत्येक मेंढराला नाव होतं.

“ही भुरी,” केतकी म्हणाली. “घळीकडे जायला बघते. तिला वळवायचं.”

बाबांनी बोट टेकवलं. भुरी तीन पावलं पुढे गेली, मग शीळ वाजली, मग ती वळायला लागली. तोवर घळ आली होती.

“पडली,” हौसाक्का म्हणाली. आता तिने मान वळवली होती.

बाबा पुन्हा खेळले. भुरी पुन्हा पडली. तिसऱ्यांदाही पडली. बाबांनी टॅबलेट खाली ठेवला.

“मी शीळ कवा घातली?”

“आत्ता.”

“आन वाजली कवा?”

“...जरा नंतर.”

“मधल्या वक्ताला ती कुठं हुती?”

केतकी हसली. हे तिला सांगायचंच होतं. “सिंगापूरला! बाबा, हीच तर गंमत आहे. खेळ या टॅबलेटमध्ये नाहीच. तो सिंगापूरच्या एका भल्यामोठ्या यंत्रावर चालतो, आपल्याकडे नुसतं त्याचं चित्र येतं. याला स्ट्रीमिंग म्हणतात. घरी महागडं यंत्र नको, कॅसेट नको, काही नको. माळावरच्या पोरीकडे साधा फोन असला तरी ती जगातला सगळ्यात भारी खेळ खेळू शकते. तीन हजार खेळ आहेत त्यांच्याकडे!”

बाबा उठले. फळीच्या टोकाची एक पिवळी कॅसेट काढून त्यांनी तिच्या हातात दिली. वर लिहिलं होतं, ९९९९९९ इन वन.

“आत किती हैत?”

केतकीला पाठ होतं. “सात.”

“हं.” बाबांनी कॅसेट परत जागेवर ठेवली. “म्हंजे माझ्या मेंढराला वळवायचं तर मला सिंगापूरला इचारावं लागतंय.”

“आन तवर मेंढरू खड्ड्यात,” हौसाक्का म्हणाली.

“रेंज नाही इथे म्हणून!” केतकीचा आवाज चढला. “मठ डोंगरावर बांधलाय तो काय माझा दोष? चला बाहेर. दीपमाळेपाशी येते रेंज.”

तिघं बाहेर आली. दीपमाळेच्या सावलीचा एक पट्टा होता, त्यात बाबा बसले. इथे भुरी वळली. पटकन नाही, पण वळली. बाबांनी पहिला तळ पार केला.

बारा वाजून अठरा मिनिटं.

“चला बाबा, पुढचा.”

“थांब की. मेंढरं मोजू दे.”

“मोजायची नसतात. खेळच मोजतो.”

“मोजू दे त्याला. मीबी मोजतो.”

ते एकेका मेंढरावर बोट ठेवून नाव वाचत राहिले. भुरी. कानी. लंगडी. दुधाळ. केतकी घड्याळ बघत राहिली.

“ही शीळ कुणाची?” बाबांनी अचानक विचारलं.

“माझी. कॉलेजच्या मागे बर्फात उभी राहून रेकॉर्ड केली. ओठ फुटले होते, सतरा वेळा घातली तेव्हा एक जमली.”

बाबांनी पुन्हा एकदा शीळ वाजवून ऐकली.

“...खरी हाय,” ते म्हणाले.

 या वेळी केतकीने घड्याळाकडे पाहिलं नाही. बाबा दुसऱ्या तळाला लागले होते. आता ओढा होता, पलीकडे लांडग्याची चाहूल होती, लंगडी मागे राहिली होती. बाबांनी बोट टेकवलं...

पडदा पांढरा झाला.

मग त्यावर एक ओळ आली. *हा खेळ आता उपलब्ध नाही. यासारखे इतर खेळ पाहा.* खाली चित्रांची रांग. एका चित्रात गुलाबी मेंढी होती, तिने गॉगल लावला होता.

बाबांचं बोट अजून पडद्यावर होतं.

“शीळ घातली हुती मी,” ते म्हणाले. “...लंगडीला.”

 खाली गावात कुठेतरी पिठाची गिरणी चालू होती, तिचा आवाज वर येत होता.

“काय झालं गं?” हौसाक्काने विचारलं.

“साडेबारा झाले,” केतकी म्हणाली. “म्हणजे कंपनीच्या गावात मध्यरात्र. त्यांनी खेळ काढला.”

“चोरीला गेला?”

“नाही. काढला. ते दर तिमाहीला जुने काढून नवे आणतात. मला आठवड्यापूर्वी पत्र आलं होतं.”

“मग तुझ्याकडचा दाव की.”

“...माझ्याकडे नाही.”

“आगं, तूच केलास न्हवं?”

“सुरुवात मी केली. पुढचं काम त्यांच्या माणसांबरोबर, त्यांच्या यंत्रावर झालं. करारच तसा होता. खेळ फक्त त्यांच्याकडे राहणार. कुणाच्याच घरी नाही. माझ्याही.”

हौसाक्काने कपाळावर हात मारला. बांगड्या वाजल्या. “मी बांगडी भरली की ती तिच्या हातात जाती बाई. फुटली तर तिची फुटती. मी मागनं जाऊन काढून आणत न्हाई.”

 बाबा नुसते बघत होते. तेच केतकीला सोसवेना.

“असे बघू नका,” ती म्हणाली. “खेळ परत येणार आहे. नव्या कराराचं पत्र आलंय. उद्या सकाळी नऊपर्यंत सही करायची, की पावसाळ्यात ‘शीळ’ पुन्हा लागेल. आणि या वेळी चाळीस देशांत.”

“फुकट?” बाबांनी विचारलं.

“एक अट आहे. खेळाच्या जुन्या, कच्च्या प्रती माझ्याकडे असतील त्या त्यांना द्यायच्या, आणि माझ्याकडच्या पुसून टाकायच्या.”

“हैत?”

“कॉलेजमधली एक आहे. करार व्हायच्या आधीची. अर्धवट, चार तळांची. तिचं काय करायचंय? पुसणार मी.”

“...हं.”

त्या ‘हं’ने ती पेटली.

“हं काय, बाबा? तुम्हीच शिकवलंत ना, धरून ठेवू नये म्हणून? संन्याशाने साठा करू नये? मग फळीवर दोनशे चौदा कॅसेट कशाला? मी तर काहीच ठेवलं नाही. माझा खेळ मी वाऱ्यावर सोडला. लाखो लोकांचा झाला तो! माझ्या घरी एक प्रत नाही, कुणाच्या घरी नाही. सगळे खेळतात, कुणाच्या मालकीचा नाही. सांगा आता... संन्यासी तुम्ही, की मी?”

हौसाक्का दोघांकडे आळीपाळीने बघत होती. असं बाबांशी कुणी बोललं नव्हतं.

बाबा उठले आणि आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात रणगाड्यांची कॅसेट होती. टीव्हीखालच्या पेटीतून काढून आणलेली. हौसाक्का सहा वर्षं रोज खेळायची तीच.

“ही घे,” ते हौसाक्काला म्हणाले.

“घरी नेऊ? बरं. थांबा, चप्पल काढते...”

“चप्पल ऱ्हाऊ दे. परत आणायची न्हाई. तुझी झाली.”

“आवं, आन हितं मग?”

“हितं न्हाई आता.”

हौसाक्काने कॅसेट दोन्ही हातांत धरली.  मग तिने ती पदरात बांधली आणि गाठ दोनदा तपासली.

बाबा केतकीकडे वळले. त्यांनी उजवा तळहात पुढे केला, मघासारखाच.

“आता तू दे.”

केतकीने टॅबलेटकडे पाहिलं. गॉगलवाली मेंढी हसत होती.

...

“मी लाखोंना दिला होता,” ती म्हणाली. आवाज बारीक आला.

“दिला कुणी?”

तिने पडद्यावरची मेंढी बोटाने बाजूला सारली.

“आन काढून कुणी घेतला?”

...

बाबांचा हात तसाच होता. केतकीने टॅबलेट पिशवीत कोंबला.

“मी उद्या सही करणार आहे,” ती म्हणाली. “तुम्ही काहीही म्हणा.”

“कर की.”

“करणारच.”

“जाताना तुझी चप्पल घेऊन जा.”

केतकीने पायांकडे पाहिलं. दोन्ही होत्या.

बाबांनी दारातून आत बोट दाखवलं. फळीखालच्या शेवटच्या खिळ्याला एक चप्पल लटकत होती. जांभळ्या पट्ट्याची. वर धुळीचा पातळ थर होता, पण खाली कोळिष्टक नव्हतं. म्हणजे कुणीतरी अधूनमधून झटकत होतं.

तिला आठवलं. विमानाच्या आदल्या दिवशी ती धावत वर आली होती. बोटींच्या शर्यतीचा खेळ एकदा शेवटचा खेळायचा म्हणून नेला होता. “परवा आणते,” म्हणाली होती. परवा ती बूट घालून बर्फात उभी होती.

“बाबा... मी...” तिने आत जाऊन चपलेकडे हात लांबवला.

“तशी न्हाई मिळायची,” बाबा म्हणाले. “कॅसेट आण.”

“आठ वर्षं झाली. आता ती चालायचीसुद्धा नाही.”

“चालंल.”

“तुम्हाला काय माहीत?”

“तिला कुणाला इचारायचं न्हाई,” बाबा म्हणाले, आणि दुपारच्या भाकरीला आत गेले.

---

घरी आईने विचारलं, “काय म्हणाले बाबा? चढला का खेळ फळीवर?”

केतकी कोपऱ्यातल्या चपलांत शोधत होती. “आई, माझी जुनी जांभळी चप्पल...”

“पलंगाखाली आहे.”

“टाकली नाहीस?”

“एकटीच कशी टाकायची? दुसरी वर टांगलीय ना मठात.”

कॅसेट ट्रंकेत सापडली, बारावीच्या वह्यांखाली. लेबल अर्धं उडालं होतं. केतकीने सवयीने तोंडाजवळ नेली, मग थांबली. स्क्रू काढले. आतल्या पट्टीवर खोडरबर फिरवलं, चकाकेपर्यंत. जुनी पेटी टीव्हीला जोडली आणि कॅसेट आत दाबली.

बोट सुरू झाली.

कॅसेटने नाव विचारलं नाही. पासवर्ड मागितला नाही. तू इतकी वर्षं कुठे होतीस, असंही विचारलं नाही.

केतकी पहिली शर्यत हरली, दुसरी जिंकली. मग पेटी बंद करून तिने तिचा कॉलेजचा लॅपटॉप काढला. तो उघडायला वेळ लागला. मग एका कोपऱ्यात सापडली ती कच्ची ‘शीळ’. चार तळ. संगीत नाही. आकाश नुसतंच करड्या रंगाचं. लांडगा म्हणजे एक काळा चौकोन.

तिने वायफाय बंद केलं. भुरी घळीकडे निघाली.

केतकीने बटण दाबलं.

शीळ वाजली आणि भुरी वळली. मधे काही नव्हतं. बोट, शीळ, मेंढरू... तिघं एकाच क्षणात उभी होती.

ती बराच वेळ तेवढंच करत राहिली. घळीपर्यंत जाऊ द्यायचं, आणि वळवायचं. मग तिने करार उघडला आणि अकरावं कलम पुन्हा वाचलं. *सर्व प्रती, कोणत्याही स्वरूपातील, नष्ट करण्यात येतील.* फिनलंडमध्ये तिने हे वाक्य वाचलं असतं तर त्यात तिला कागद दिसला असता. आता तिला त्यात भुरी दिसली.

सही केली तर चाळीस देश. पुढच्या तिमाहीत परत पांढरा पडदा, आणि तेव्हा लॅपटॉपच्या कोपऱ्यातही काही नसणार. सही नाही केली तर बारांपैकी आठ तळ गेलेच. ओढा गेला, पावसाची रात्र गेली, शेवटची ती चांदण्यातली खिंड गेली. त्यावर तिने सलग पाच महिने घातले होते. आणि ‘शीळ’ हे नाव जगात ज्यांना माहीत होतं ते विसरणार.

---

सकाळी साडेसातला तिने कंपनीला उत्तर लिहिलं. आधी ते दीड पान झालं. त्यात न्याय होता, कला होती, भविष्य होतं. तिने ते सगळं पुसलं आणि दोन ओळी ठेवल्या.

*सही करणार नाही. माझ्या घरातलं मी पुसणार नाही.*

पत्र पाठवलं.  मग तिने बाजारातून एक पेनड्राइव्ह आणला, चार तळांची ‘शीळ’ त्यात भरली, मोडक्या कॅसेटचं एक रिकामं कवच शोधलं, पेनड्राइव्ह आत ठेवला आणि तीन स्क्रू आवळले.

मठात हौसाक्का आधीच आलेली होती. टोपली दाराशी, स्वारी रिकाम्या टीव्हीपुढे.

“घरी खेळायला मजा येईना,” ती म्हणाली. “म्हणून कॅसेट घेऊन आले. हितंच खेळते. पण माझी हाय हां. कुणाला पायजे तर माझ्याकडं मागायची.” आणि तिने पदराची गाठ सोडली.

केतकीने बोटींची कॅसेट फळीवर ठेवली. खिळ्यावरची जांभळी चप्पल काढली. तिची जोडीदारीण पिशवीत होती. दोन्ही पायांत घातल्या. रबर कडक झालं होतं, अंगठ्याला लागत होतं.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं नाही. तळहातही पुढे केला नाही.

केतकीने स्वतःहून कवच पुढे केलं.

बाबांनी ते उलटं केलं. स्क्रू बघितले. कफनीच्या खिशातून पेचकस काढून तिन्ही स्क्रू सोडवले, आत डोकावले, पेनड्राइव्ह बाहेर काढून परत बसवला, आणि तिन्ही स्क्रू आवळले.

“कंपनी काय म्हणाली?”

“काही म्हणू दे. मी नाही म्हणाले.”

“ओरडतील.”

“ओरडू दे. माझ्या घरात येऊन पुसणार आहेत का?”

हौसाक्का टीव्हीपुढून म्हणाली, “येऊ देत की! बांगड्या भरून पाठवते.”

“अर्धवट आहे, बाबा,” केतकी म्हणाली. “चारच तळ. लांडगा नुसता चौकोन आहे. बाकीचे आठ त्यांच्याकडे राहिले.”

“गेले?”

“गेले.”

“...परत करशील?”

“तेच नाही करता येणार. वेगळे करीन. एकेक.” तिने फळीकडे पाहिलं. “फळीवर ठेवू?”

“फळीवर कसा? मी कुठं खेळलोय?”

“मग खेळा. ठेवून घ्या.”

“ठेवून कसा घिऊ? खेळ तुझा हाय.” बाबा उठून उभे राहिले. “नेऊ का?”

केतकीला कळलं नाही. “तुम्हाला विचारायचं काय त्यात? न्या की.”

“इचारतोय.”

बाबा इतके सरळ उभे होते, की हा थट्टेचा प्रश्न नाही हे तिला उमगलं.

“...न्या,” ती म्हणाली.

बाबांनी खाली वाकून उजव्या पायातली टायरच्या तळाची चप्पल काढली. धूळ झटकली. ती केतकीच्या दोन्ही हातांवर ठेवली. जड होती, आणि पायाची ऊब तिच्यात अजून होती.

एक पाय अनवाणी, एक चपलेत, असे ते खेळ घेऊन आतल्या कॉम्प्युटरकडे निघाले. हौसाक्काने बटण सोडलं होतं. तिचे सगळे रणगाडे मरत होते आणि तिला त्याचं भान नव्हतं.

केतकी तिथेच उभी. गुरूची चप्पल हातात घेऊन काय करायचं असतं, ते तिला सुचेना. कपाळाला लावावी म्हणून तिने ती वर उचलली.

दारातून बाबांनी मागे वळून पाहिलं.

“डोक्याला काय लावतेस? घरी जा. खिळा ठोक.”